मिनच्या मापाची काठी

कोपर कट्ट्याला पोचेचना.

रस्मिन, म्हणजे सगळ्यांची मिन, नव्या बालेत पहिल्यांदाच मांडी घालून बसली होती. बाले म्हणजे चार खांबांवरची बैठक: वर गवताचं छप्पर, दोन बाजू उघड्या, ओढ्याच्या अंगाला अर्धी भिंत, त्या भिंतीत खिडकी आणि खिडकीखाली फणसाच्या लाकडाचा रुंद कट्टा. ह्याच कट्ट्यावर कोपर टेकून, ताडपत्रं पुढ्यात घेऊन ती उरलेला जन्म काढणार होती. गेले सात महिने ती तसं धरूनच चालली होती. आणि आता हात कट्ट्यावर ठेवायचा तर खांदा कानाला लागत होता.

आधी तिला स्वतःचंच हसू आलं. शेहेचाळीस वर्षांची बाई, आणि बसता येत नाही! तिने पाठ ताठ केली. पाय बदलून बसली. शेवटी इकडेतिकडे बघून बुडाखाली दोन्ही चपला सारल्या. तरीही खिडकीतून दगड दिसेना. नुसते पलीकडच्या बांबूंचे शेंडे आणि वर आभाळ.

तो दगड दिसायलाच हवा होता. ओढ्याच्या वळणावरचा तो काळा, शेवाळलेला दगड, ज्यावर तिचा बाप पटाशीला धार लावायचा. ही खिडकी त्या दगडासाठीच तर होती.

तिचा बाप रुंदुंग हा उंदागी होता, म्हणजे घरं आखणारा, बांधणारा, कुठल्या घराचं तोंड कुठे हे सांगणारा. त्याला मुलगा नव्हता. मुलीच्या नावावर जमीन जात नाही, हे आमच्या बालीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून रुंदुंगने आपला शिकाऊ लोद्रा ह्याला देवापुढे मुलगा करून घेतलं. लोद्रा आला तेव्हा चौदा वर्षांचा होता आणि मिन दहा. पहिल्याच पावसाळ्यात त्याच्या हातून लाकडी मोगरी निसटली ती थेट मिनच्या डाव्या करंगळीवर. बाप विचारायला लागला तर पोरगी म्हणाली, "मीच पाडली." नाहीतर रुंदुंगने लोद्राला त्याच दिवशी गावी पाठवला असता. करंगळी वाकडी राहिली ती राहिलीच. लोद्राही राहिला, मिनचा 'ब्ली', म्हणजे थोरला भाऊ, होऊन.

पुढे मिनचं लग्न झालं आणि नवऱ्याशी पटलं नाही म्हणून मोडलंही. ती माहेरी परत आली. परत आलेल्या मुलीला माहेरी राहता येतं, खाता येतं, फक्त 'हे माझं' म्हणता येत नाही. बारा वर्षं ती भाताच्या कोठाराखाली बसून ताडपत्रांवर लोखंडी काट्याने चित्रं कोरून त्यांत काजळी भरत होती. वरून कोंडा गळायचा, शेजारी कोंबड्या, पावसात पानांवर बुरशी. बाप मरताना लोद्राचा हात धरून म्हणाला होता, "मिनला ओढ्यावर बसायला एक जागा करून दे." लोद्रा रडला होता. अगदी हमसून हमसून.

ही झाली नात्याची गोष्ट. धंद्याची वेगळीच.

लोद्राचं आता मोठं नाव होतं. मोठमोठी हॉटेलं त्याने कधीच बांधली नाहीत. कोणाला लिहायला, कोणाला चित्रं काढायला, कोणाला नुसतं गप्प बसायला म्हणून दऱ्याखोऱ्यांत, झाडांत, शेतांच्या बांधावर लहान लहान जागा तो करून द्यायचा. लोक म्हणायचे, लोद्राला नजर आहे! बरोबर कुठे बसलं की माणसाला उठावंसं वाटणार नाही, हे ह्याला कसं कळतं?

अहो, कळायचं कोणाला? मिनला! खांब रोवायच्या आधी ती त्या जागेवर उन्हाला बसायची. पहाटे चटई, केळीच्या पानात भात आणि पानाच्या डबीतला चुना घेऊन जायची, ती दिवस मावळल्यावरच उठायची. सावली जशी सरकेल तसे जमिनीवर चुन्याचे ठिपके. वारा कुठून येतो, पाण्याचा आवाज कोणत्या कानाला जास्त, मुंग्या कुठून जातात, दुपारी तीनला डोळ्यांवर तिरीप येते का. संध्याकाळी ती लोद्राला बोट दाखवून सांगायची: इथे खिडकी, इथे पाठ, आणि ते शेवग्याचं झाड अजिबात तोडायचं नाही. एका कवीला तिने दरीकडे पाठ करून बसवलं होतं. तो चिडला होता. मग वर्षाने फुलं घेऊन आला, लोद्राला द्यायला.

मिनला त्याचं कधी काही वाटलं नाही. खरंच नाही. घरातलाच माणूस, त्याचं नाव झालं तर काय आपलं जातं?

आता मात्र तिच्या मनात पाल चुकचुकली. ती उठली आणि पुढच्या दोन खांबांमध्ये जाऊन उभी राहिली. दोन्ही हात ताणून पसरले. आमच्याकडे घर फुटपट्टीने मोजत नाहीत, घरमालकाच्या अंगाने मोजतात. त्याचा वाव म्हणजे पसरलेल्या हातांची लांबी, त्याचा हात, त्याची मूठ, त्याचं पाऊल, सगळं एका बांबूच्या काठीवर खाचा पाडून घ्यायचं. आणि प्रत्येक मापाला वर त्याच्या करंगळीचं एक पेर जोडायचं. त्या पेराने घराला जीव येतो, नाहीतर ते नुसतं लाकूड. पुढच्या खांबांमधलं अंतर म्हणजे मालकाचा एक वाव आणि वर ते पेर. हात पसरले की बोटं खांबाला टेकता टेकता पेरभर राहायला हवीत.

मिनची उजवी बोटं खांबाला टेकली. डावीकडे वीतभर जागा मोकळी होती.

तिने उलटं फिरून पाहिलं. वीतभरच.

मागच्या बाजूला कोप्लार सुतार खांबाला तेल चोळत होता. रुंदुंगच्या वेळचा म्हातारा, हात अजून पक्का.

"कोप्लार, खांबांमध्ये अंतर किती घेतलंस?"

"काठीवर होतं तेवढं."

"कोणाच्या काठीवर?"

कोप्लारने हातातलं फडकं पिळलं. तेलाचं फडकं कोणी पिळतं का? पण त्याला हातांना काहीतरी काम हवं होतं.

"ब्ली लोद्राने दिली ती. मी म्हटलंसुद्धा, एवढा मोठा वाव? मिनचा? तर म्हणाला, बारा वर्षं माहेरचं आयतं खातेय, वाढली असेल."

"आणि तू?"

"हसलो. ज्याचं काम करतो तो विनोद करतो तेव्हा हसावं लागतं बाई."

काठी छपरात वाशाला बांधलेली होती. मिन कट्ट्यावर चढली आणि तिने ती सोडून घेतली. सरळ, जाड, नव्या बांबूची. शेवटच्या खाचेशी करंगळीचं पेर कोरलं होतं, चांगलं रुंद. मिनने आपली वाकडी करंगळी त्यावर ठेवली. ठेवायची गरज नव्हती. त्या हाताने पटाशी धरलेली ती छत्तीस वर्षं बघत होती. काठी लोद्राची होती, लोद्राच्याच अंगाची.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात, ते तिला त्या दिवशी कळलं. ज्याच्या अंगावरून माप घेतलं, त्याची ती वास्तू. कागद, सही, शिक्का सगळं नंतर. गाव हेच मानतं. मिनच्या मापाची बाले उभी राहिली असती तर जमीन लोद्राची असूनही मिन मरेपर्यंत तिथून तिला देवसुद्धा उठवू शकला नसता. लोद्राच्या मापाची बाले म्हणजे लोद्राची. मग तो तिला तिथे बसू देईल, चहा पाजेल, कौतुकाने पाहुण्यांना दाखवेल, पण ते सगळं त्याच्या मर्जीने, आज आहे आणि उद्या नाही.

आणि माप तर त्याने घेतलं होतं! बापाच्या देवळीपुढे, सकाळच्या उन्हात, तिला अनवाणी उभी करून. वाव घेतला, हात घेतला, पाऊल घेतलं. करंगळीशी आला तेव्हा ती वाकडी करंगळी चिमटीत धरून म्हणाला होता, "हे माझंच पाप बरं का, मिन. आता तुझ्या घरात कायमचं बसणार." दोघंही हसली होती. रुंदुंगचा नेम असा होता, की पहिला खांब उभा राहीपर्यंत माप दिलेल्या माणसाने काठी आपल्या उशाशी ठेवायची, कोणाच्या हाती द्यायची नाही. बापाने ते तिला शंभरदा बजावलं होतं. आणि तिने? "घे रे, तुझ्याकडेच असू दे, तुलाच लागणार," म्हणून स्वतःच्या हाताने त्याला देऊन टाकली. उंदागीची मुलगी ना ती! एवढीही अक्कल राहू नये?

लोद्रा कारखान्यात बसून कोणासाठी तरी नवीन आखणी करत होता. मिनने काठी त्याच्या कागदावर टाकली.

"ही कोणाची?"

त्याने काठीकडे बघितलं, मग दाराकडे. दाराशी कोणी नव्हतं.

"बस ना. कॉफी घेतेस?"

"ब्ली, ही कोणाची?"

"हे बघ, आधी ऐकून घे. जकार्ताहून मासिकवाले येतायत, वास्तुशांतीच्या दिवशीच. त्यांना लोद्राची स्वतःची जागा बघायचीय. लोकांना मी चाळीस जागा करून दिल्या, मिन, चाळीस! आणि मी कुठे बसतो? ह्या भुशात! विचारलं तर काय दाखवू त्यांना?"

"भुसा दाखव. खरं ते दाखव."

"तू चिडलीयस."

"मी चिडू नको? बापाला शब्द देऊन तू माझं माप घेतलंस आणि घर स्वतःच्या अंगावर बांधलंस. केसाने गळा कापलास की रे माझा!"

"काहीतरीच काय बोलतेस!" लोद्राचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "तुला कोणी हाकललंय का? बस ना तू तिथे. रोज बस. माझी काय आणि तुझी काय, घरातलीच जागा. एवढं वीतभराने काय बिघडतं? कट्टा उंच होत असेल तर खाली गादी घाल."

"गादी घालू?"

"सारिनीला सांगतो, चांगली कापसाची करून देईल."

मिन त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो खोटं बोलत नव्हता, हेच भयंकर होतं. त्याला खरोखर वाटत होतं की गादीने भागेल. चाळीस लोकांना त्यांच्या अंगाबरहुकूम जागा देणारा हा माणूस, आणि त्याच्या लेखी हिचं अंग म्हणजे कुठेही मावणारी वस्तू.

"माझी काठी कुठाय?" तिने विचारलं.

"असेल इथेच कुठेतरी."

ती सारिनीने दाखवली. सारिनी म्हणजे लोद्राची बायको, मनाची साधी. परसात चवळीच्या वेलाला पाणी घालत होती. "लांबशी, खाचा पाडलेली ना? ही बघ! कारखान्याच्या कोपऱ्यात पडून होती, मी वेलाला लावली. कसा चढलाय बघ खाचेखाचेला धरून. तुला हवीय का? काढून देते."

तिच्या वावावर, तिच्या हातावर, तिच्या मुठीवर वेलाने वेटोळी घातली होती. वर वाकड्या पेराशी दोन जांभळी फुलं.

"राहू दे," मिन म्हणाली. "शेंगा धरतायत."

वास्तूला तीन दिवस होते. त्या तीन दिवसांत मिनने गावात कोणाला काही सांगितलं नाही. का नाही सांगितलं? कारण ती वाट बघत होती, दुसरं काय! छत्तीस वर्षांचा भाऊ तो. येईल, म्हणेल, मिन, चुकलो. खांब काढू, पुन्हा रोवू, वास्तू पुढे ढकलू. रोज सकाळी कोठाराखाली बसून तिचे कान अंगणाकडे असायचे. तीन दिवसांत ताडपत्रावर एक रेघ धड उतरली नाही. लोद्रा अंगणातून चारदा गेला. एकदा थांबून म्हणाला, "फुलं कमी पडतील का गं?" आणि गेला.

वास्तूच्या सकाळी सगळी आळी लोटली. बायकांनी नैवेद्याची ताटं डोक्यावरून आणली, खांबांना पिवळी-पांढरी कापडं बांधली. मासिकवाले दोघं कॅमेरे सरसावून ओढ्याच्या कडेला उभे. जेरो मांकू, आमचे पुजारी, ऐंशीच्या घरातले, त्यांना रुंदुंग आणि त्याची लेक दोघंही पक्की ठाऊक. आणि गावाला ठाऊक होतं ते एवढंच, की लोद्रा बहिणीला जागा करून देतोय. बायका तर मिनच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. "भाग्याची आहेस हो! असा भाऊ सख्खासुद्धा नसतो."

घंटा वाजली, पाणी शिंपडून झालं. आता वास्तूला मालक दाखवायचा. मालकाने पुढच्या खांबांमध्ये उभं राहून हात पसरायचे, म्हणजे घर आपला माणूस ओळखतं. मग पुजारी त्याच्या नावाने घर जागं करतात.

"ये मिन," जेरो मांकू म्हणाले. "हात पसर बाळ."

मिन जागची हलली नाही. लोद्रा तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत काय होतं? विनवणी होती! उभी राहा, जरा ह्या खांबाला जरा त्या खांबाला सरकून वेळ मारून ने, कोणाला कळतंय. गावासाठी तिची, मासिकासाठी त्याची, आणि मापाने तर त्याचीच. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आवाज साधाच निघाला.

"जेरो, आधी ब्लीला उभं करा. एवढं त्याने केलंय, त्याचा मान पहिला."

बायका कौतुकाने हसल्या. कोणीतरी लोद्राला पुढे ढकललं. "जा की! लाजतोस काय नव्या नवरीसारखा?" कॅमेरेवाले सरसावले. लोद्रा खांबांमध्ये जाऊन उभा राहिला.

आता ऐका. मिनने मनात एक जागा राखून ठेवली होती. त्याने कोपरात जरा हात वाकवले असते, नुसते जरा, तर ती पुढे होऊन त्याच्या जागी उभी राहिली असती आणि जन्मभर गादी घालून बसली असती. गावाला कळू दिलं नसतं. बापाशपथ.

लोद्राने हात पसरले. कसलेला उंदागी तो, अर्धवट माप त्याच्या अंगातच नाही. बोटांपर्यंत ताणले. दोन्हीकडे खांब आणि बोटांमध्ये मिळून पेरभर हवा, ना कमी ना जास्त. आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान आलं. चोरून नाही, उघड आलं. काम नेमकं बसलं की उंदागीच्या चेहऱ्यावर येतं तसं. क्षणभर तो विसरूनच गेला की लोक बघतायत.

लोक बघत होते. आमच्या गावात हे पेर वाचता न येणारं कोणी नाही. हसणं थांबलं. कोप्लारने डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं. मिनच्या पाठीवर जिचा हात होता तिने तो काढून घेतला.

जेरो मांकूंनी लोद्राकडे बघितलं, मग मिनकडे. त्यांनी हातातली घंटा खाली ठेवली.

"लोद्रा," ते म्हणाले, "मी नाव कोणाचं घेऊ?"

अजूनही! अजूनही तो 'मिनचं' म्हणू शकला असता. सगळ्यांसमोर मान खाली घालून म्हणाला असता, जेरो, खांब चुकलेत, आज राहू द्या. कॅमेरा दोनदा वाजला. लोद्राने हात खाली घेतले, कपाळावरचा घाम पुसला, मिन सोडून बाकी सगळीकडे बघितलं.

"मुहूर्त टळतोय, जेरो," तो म्हणाला. "माझं घ्या."

जेरो मांकूंनी घेतलं.

मिन तिथून निघून गेली नाही. जाणार कुठे? कोठारही त्याच्याच अंगणात. तिने नैवेद्याची ताटं गोळा करायला बायकांना हात लावला, पाहुण्यांना भात वाढला. रडली ती संध्याकाळी, कोठाराखाली, कोंबड्या वर चढून बसल्यावर. एकदाच रडली, पण पोटातून.

पंधरा दिवसांनी मासिक आलं. वर फोटो: खिडकी, कट्ट्यावर कोपर टेकून बसलेला लोद्रा, पलीकडे बांबूंचे शेंडे. सारिनी ते दाखवायला कोठाराखाली आली. पदरात चवळीच्या कोवळ्या शेंगा होत्या, त्या तिने मिनपुढे ओतल्या.

"पहिल्या तोडीच्या. तुझ्याच काठीच्या," ती म्हणाली आणि जरा घुटमळली. "अगं, ते विचारत होते. वरच्या गावात एका बाईंना दरीवर चित्रं काढायला जागा करायचीय. परवा तू उन्हाला बसायला येशील ना? चुना मी भरून ठेवते."

मिनने काटा खाली ठेवला. शेंगा एका बाजूला सारल्या, हाताची काजळी पुसली.

"सांग त्याला," ती म्हणाली, "स्वतःच जाऊन बस म्हणावं. आणि ऊन टोचलं, तर खाली गादी घाल."